उपचार कोणी करायचा?

२००३ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात गोव्यातल्या एका प्रयोगाचा अहवाल छापून आला. सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत येणाऱ्यांपैकी नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेले ४५० प्रौढ निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले होते. एका गटाला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं नेहमीचं, स्वस्त औषध. दुसऱ्याला हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली गोळी. तिसऱ्या गटाला गोळी नाहीच, बोलण्याचा उपचार. औषधवाल्या गटाला दोन महिन्यांनी फायदा दिसला, पुढे तो फरक उरला नाही. बोलण्याचा उपचार मात्र कोणत्याच टप्प्यावर खोट्या गोळीच्या वर गेला नाही.

प्रयोग करणारे डॉ. विक्रम पटेल मूळचे मुंबईचे. ऑक्सफर्ड आणि लंडनमध्ये शिकून, मधली दोन वर्षं झिंबाब्वेत काढून ते गोव्यात आले आणि १९९६ साली सहकाऱ्यांसोबत ‘संगाथ’ ही संस्था त्यांनी उभी केली. गरीब देशांत मानसिक आजारांवर उपचार पोहोचवायचे तर बोलण्याचा उपचार हाताशी हवाच, असं मानणाऱ्या गटात ते होते. त्यांच्याच प्रयोगानं त्यांच्याच बाजूला धक्का दिला आणि तो त्यांनी जसाच्या तसा छापला. पुढच्या वीस वर्षांत जे घडलं त्यात या प्रामाणिकपणाचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

बोलण्याच्या उपचाराचा एवढा हट्ट कशासाठी? भारतात लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ भरत नव्हता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना काहीच उपचार मिळत नव्हते. तज्ज्ञ वाढवून ही दरी भरायची म्हटलं तर कित्येक पिढ्या जातील. ही अडचण नवी नाही. १९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं सात विकसनशील देशांत मिळून एक अभ्यास केला, त्यात हरियाणातलं रायपूर रानी हे केंद्र होतं. गावातल्या आरोग्यसेवकाला मानसिक आजार ओळखता येतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषधं देता येतात, हे तिथं दिसलं. आपला १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम अशाच अनुभवांवर उभा राहिला. पण त्यात आरोग्यसेवकाचं काम ओळखणं, पाठवणं आणि गोळी देणं एवढंच होतं. समोर बसून उपचार करणं हे पदवी असलेल्याचं काम, हे गृहीतच धरलेलं होतं.

ते गृहीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं युगांडात. नैऋत्य युगांडाच्या मसाका आणि रकाई भागातल्या ३० गावांत, एड्सनं घरंच्या घरं रिकामी केलेल्या प्रदेशात, पॉल बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गटानं बसून करायचा एक उपचार आजमावला. हा उपचार अमेरिकेत जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी घडवलेला. नैराश्य जिथून सुरू झालं ते माणसामाणसांतलं दुखणं शोधायचं, मग तो मृत्यूचा शोक असो, नात्यातला वाद असो की आयुष्यात अचानक आलेला बदल. युगांडात गटाचा म्होरक्या गावच्याच भाषेत बोलणारा, मानसशास्त्राशी पूर्वी काही संबंध नसलेला माणूस होता. बायकांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे. आठवड्याला दीड तास, असे १६ आठवडे. त्यानंतर उपचार घेतलेल्यांपैकी ६.५ टक्के लोकांत नैराश्याचा आजार उरला होता, न घेतलेल्यांत ५४.७ टक्के. हा निकालही २००३ सालचाच. एकाच वर्षी गोव्यात ‘नाही’ आणि युगांडात ठणठणीत ‘हो’. म्हणजे ‘बोलण्याचा उपचार चालतो का’ हा प्रश्नच अपुरा होता. कोणता उपचार, कोणाकडून, कुठं बसून, किती वेळा, हे सगळं विचारायला हवं होतं.

त्यानंतर या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी एक पद्धत धरली. एका देशात जे जमलं ते दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्यांच्या हाती द्यायचं, त्यांनी ते आपल्या परिस्थितीत मोडून-जोडून पुन्हा तपासायचं आणि काहीही निघालं तरी छापायचं.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी नैराश्य असलेल्या, शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बायका निवडल्या. तिथं घरोघरी जाणाऱ्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ असतात, आपल्या आशा सेविकांसारख्या. त्यांना निराशेचे विचार ओळखून बदलण्याची पद्धत शिकवली गेली, तीही रोजच्या गृहभेटीत बसवून. विषय काढायचा बाळाच्या तब्येतीचा. त्यामुळे सासूही आड येत नाही. नातवाचं भलं कोणाला नको असतं? सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, बाकीच्यांत ५३ टक्के. ९०३ मातांचा हा अभ्यास २००८ साली आला. त्यातली एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. संशोधकांची मुख्य आशा होती की आई बरी झाली की बाळाचं वजन आणि उंची सुधारेल. तसा ठोस फरक दिसला नाही. जुलाब कमी झाले, लसीकरण जास्त पूर्ण झालं, पण वाढीचा तक्ता हलला नाही.

गोव्यात मधल्या काळात ‘मानस’ नावाचा प्रयोग उभा राहत होता. (२०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही हेल्पलाइन आहे, तिचा याच्याशी संबंध नाही.) १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने, असे २४ दवाखाने घेतले. रुग्णांऐवजी अख्ख्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, कारण एकाच केंद्रात काहींना समुपदेशक द्यायचा आणि काहींना नाही, हे प्रत्यक्षात पाळता येत नाही. निम्म्या दवाखान्यांत एक नवी व्यक्ती बसवली. ती गोव्यातलीच, मानसशास्त्राची पदवी नसलेली, खास या कामासाठी तयार केलेली. ती रुग्णाला आजार समजावून सांगायची, लागेल तशी अधिक बैठकांना बोलवायची, डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते चालू आहे ना हे पाहायची. जो सुधारत नाही किंवा जिवाचं बरंवाईट करून घेण्याचं बोलतो, तो थेट मनोविकारतज्ज्ञाकडे. बाकीच्या दवाखान्यांतही रुग्णाच्या चाचणीचा निकाल डॉक्टरांना कळवला जात होता, फक्त समुपदेशक नव्हता.

२०१० साली आलेले निकाल या प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असताना ६४.१ आणि नसताना ६५.९, म्हणजे फरक शून्य. समुपदेशकाचं काम खासगीत वाईट झालं असं नव्हतं, समुपदेशक नसलेल्या खासगी दवाखान्यातले रुग्णच आधीपासून चांगले बरे होत होते. असं का, यावर अंदाजच बांधता येतो. ज्यांना ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो त्यांना ओळख, थोडा वेळ आणि ‘परत येऊन दाखवा’ हे वाक्य मिळत असतं. सरकारी केंद्रात सकाळी रांग लावून, केसपेपर हातात धरून उभं राहणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. मुंबई-पुण्यातल्या वाचकांनी सरकारी केंद्रांच्या नावानं नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की सर्वाधिक सुधारणा त्याच केंद्रांत झाली.

आता उपचारातला मजकूर काय असावा, हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर सिएटलमधून आलं. वॉशिंग्टन विद्यापीठातले नील जेकबसन यांनी १९९६ साली त्या वेळच्या सर्वांत नावाजलेल्या बोलण्याच्या उपचाराचे भाग सुटे केले. त्या उपचारात दोन कामं चालत. एक, चुकीच्या विचारसरणीचा शोध घेऊन ती बदलणं, याला कौशल्य लागतं. दुसरं, रुग्णाला पुन्हा हालचालीत आणणं, म्हणजे त्यानं सोडून दिलेली कामं आणि भेटीगाठी थोड्या थोड्या करून परत सुरू करायला लावणं. जेकबसन यांनी काहींना फक्त दुसरं दिलं, काहींना सगळं. दोघांना सारखाच फायदा झाला. ज्या भागासाठी वर्षानुवर्षं प्रशिक्षण लागतं तो वगळूनही माणसं बरी होत होती. अमेरिकेत ही शास्त्रीय कुतूहलाची गोष्ट ठरली. गोव्यात ती कामाचीच होती, कारण वगळता येण्याजोगा भाग नेमका तोच होता जो गावातल्या माणसाला शिकवणं सर्वांत अवघड.

अशा रीतीनं गोव्यात जो उपचार बसवला गेला त्याचं इंग्रजी नाव ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’. त्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. मन खचलं की माणूस आखडता होतो. बाजाराला जात नाही, शेजारणीशी बोलत नाही, देवळात किंवा चर्चमध्ये जायचं टाळतो, अंथरुणात पडून राहतो. त्यामुळे दिवसभरात बरं वाटावं असं काही घडतच नाही आणि मन आणखी खचतं. ‘मूड आला की करीन’ असं म्हणत बसलं तर मूड कधीच येत नाही. म्हणून आधी करायचं, तेही ठरवून, अगदी लहान तुकडा घेऊन, मंगळवारी सकाळी मासळीबाजारापर्यंत चालत जायचं एवढंच. पुढच्या भेटीत विचारायचं, गेलात का? नाही जमलं तर काय आडवं आलं? नवऱ्याचं पिणं, कर्ज, दुखणारे गुडघे, जे असेल ते कागदावर घेऊन त्यावर काय करता येईल ते बघायचं. ३०-४० मिनिटांच्या सहा ते आठ बैठका, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. यात ‘मनोरुग्ण’ हा शब्द कुठंही येत नाही. लोक ‘टेन्शन’ म्हणतात, समुपदेशकही तेच म्हणतो.

१० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर हे तपासलं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले होते, बाकीच्यांपैकी ३९ टक्के. माणशी खर्च सरासरी ६६ डॉलर. त्याच समुपदेशकांनी जास्त दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी एक ते चार बैठकांचा वेगळा उपचारही दिला. त्यात तीन महिन्यांनी, आधीच्या १४ दिवसांत दारूला न शिवलेले ४२ टक्के होते, उपचार न मिळालेल्यांत १८ टक्के. दोन्ही अहवाल ‘लॅन्सेट’मध्येच आले. सोबत हेही खरं की समुपदेशन मिळालेल्या शंभरांतले ३६ जण आजाराच्या रेषेवरच राहिले. त्यांचं काय, यावर मध्य प्रदेशातल्या भोपाळमध्ये हाच उपचार आणि फ्लुऑक्सेटिन समोरासमोर ठेवून, कोणत्या रुग्णाला काय लागू पडतं हे शोधणारा अभ्यास हाती घेतला गेला आहे.

आकड्यांपेक्षा मला त्यामागची देखरेखीची पद्धत जास्त आवडते. समुपदेशकांना तीन आठवड्यांचं वर्गातलं प्रशिक्षण आणि मग काही महिने हाताखाली काम करायला मिळालं. एवढ्यावर कोणी निष्णात होत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून रुग्णाच्या संमतीनं बैठका रेकॉर्ड केल्या जात आणि समुपदेशक गट करून बसून त्या ऐकत. मग ठरलेल्या निकषांवर प्रत्येक जण आपल्याच सहकाऱ्याला गुण देई. रुग्ण बोलत असताना मध्येच तोडलं का? सल्ला आधी दिला आणि ऐकून नंतर घेतलं का? घरचं काम ठरवलं, पण मागच्या वेळचं विचारायलाच विसरला का? सुरुवातीला तज्ज्ञ शेजारी असत, पुढे पुढे समुपदेशकच आळीपाळीनं बैठक चालवू लागले. तज्ज्ञांनी त्याच रेकॉर्डिंगांना दिलेले गुण आणि सहकाऱ्यांनी दिलेले गुण बऱ्यापैकी जुळले. एकमेकांचं काम ऐकून तोंडावर चूक सांगणं आपल्याकडे डॉक्टर मंडळींतही फारसं घडत नाही. दहावी-बारावी शिकलेल्या माणसांनी ते नियमानं केलं.

याच काळात हरारेत डिक्सन चिबांडा हे झिंबाब्वेतल्या मोजक्या मनोविकारतज्ज्ञांपैकी एक म्बारे या गरीब वस्तीत काम करत होते. २००५ साली सरकारनं वस्त्या पाडल्या होत्या, लाखो लोक बेघर झाले होते. चिबांडांना दवाखान्यात ना खोली मिळाली ना परिचारिका, दोन्ही आधीच गुंतलेल्या. मिळाल्या त्या वस्तीतल्या १४ आजीबाई, आरोग्यखात्यात मानधनावर काम करणाऱ्या. खोली नाही म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकलं आणि २००६ पासून आजी त्यावर बसू लागल्या. सहा बैठकांत एकेक अडचण वेगळी काढायची, सुटण्याजोगी निवडायची, तिच्यावर पाऊल उचलायचं. नंतर बायकांचे गट जमत, विणकाम करून चार पैसे मिळवत आणि बोलत. २०१६ साली २४ दवाखान्यांतल्या ५७३ लोकांवरचा अभ्यास ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी लक्षणांचे गुण आजींच्या गटात सरासरी ३.८१ आणि दुसऱ्या गटात ८.९० होते. गुण मोजायला वापरलेली १४ प्रश्नांची शोना भाषेतली प्रश्नावली १९९० च्या दशकात पटेल यांनी हरारेत असताना तिथल्या सहकाऱ्यांसोबत तयार केलेली. वीस वर्षं आधी एकानं केलेलं मोजमाप दुसऱ्याच्या प्रयोगाला उपयोगी पडलं. संशोधनातलं सहकार्य बहुतेक वेळा असं असतं, परिषदेतल्या फोटोंत ते दिसत नाही. ही बाकं पुढे मलावी, झांझिबार आणि न्यूयॉर्कपर्यंत गेली.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारात औषधांच्या जोडीला गावातला कार्यकर्ता घरी जाऊन मदत करू शकतो का, हे गोवा, तमिळनाडू आणि सातारा अशा तीन ठिकाणी २८२ रुग्णांवर तपासलं गेलं. साताऱ्याकडून डॉ. हमीद दाभोलकर त्यात होते. २०१४ साली निकाल आला तो ‘फायदा आहे, पण माफक’ असा. नैराश्यात जेवढं यश मिळालं तेवढं इथं नाही. विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ हा कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवला. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कुठं तरी मदत मागत होते, १८ महिन्यांनी २७.२ टक्के. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. मात्र इथं तुलनेला कार्यक्रमाविना असलेली गावं नव्हती, फक्त आधीची आणि नंतरची पाहणी होती. त्या दीड वर्षात पाऊस किंवा कापसाचा भाव बदलला असेल तर त्याचा वाटा या आकड्यांतून वेगळा काढता येत नाही.

टीका करणारे नेमकं इथंच बोट ठेवतात. कर्ज, जमीन, भाव यांतून आलेलं दुःख ‘आजार’ म्हणून दवाखान्यात आणायचं आणि सहा बैठकांत सोडवायचं, यात राजकारणाची जबाबदारी हळूच समुपदेशकाच्या गळ्यात जाते. पैसा लंडनमधून किंवा अमेरिकेतून येतो, निबंधांवरची मोठी नावंही बहुतेक तिकडच्या विद्यापीठांची. मला हे आक्षेप निम्मे पटतात. कर्जमाफीच्या जागी समुपदेशन ही थट्टा आहे. पण कर्ज फिटेपर्यंत झोप नाही, भूक नाही अशा अवस्थेतल्या माणसाकडे कोणी यायचंच नाही, हेही कुठलं धोरण?

या साऱ्या सहकार्याची खरी कसोटी भारत-पाकिस्तानच्या जोडप्रयोगात लागली. रहमान यांचा मातांसाठीचा उपचार आरोग्यसेविकांऐवजी वस्तीतल्याच सामान्य बायकांनी दिला तर? एकच पुस्तिका, तेच मोजमाप, एकाच वेळी गोवा आणि रावळपिंडी. दोन्ही देशांचे संबंध कसे असतात ते सांगायला नको, तरी दोन्हीकडच्या संशोधकांनी तो पार पाडला आणि २०१९ साली दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापले. गोव्यात सहा महिन्यांनी ७३ टक्के माता बऱ्या, तुलनेच्या गटात ६०. रावळपिंडीकडे ४९ आणि ४५, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. उपचार जिथं जन्मला तिथंच हातबदल झाल्यावर तो फिका पडला. गोव्याचा आकडा एकटा छापला असता तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

आता गाडी सरकारी यंत्रणेकडे वळली आहे. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात हाच गोव्याचा उपचार आशांना मोबाइलवरच्या धड्यांतून शिकवण्याचे प्रयोग झाले. शिकवणं जमतंय. अडतंय ते पुढं. आशा मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर काम करते. तिच्या यादीत आधीच बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं आहेत, त्यात आता अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ बैठका. संशोधनाच्या निधीत तिच्या रेकॉर्डिंग ऐकायला, गुण द्यायला, दर आठवड्याला चार जणींना एकत्र बसवायला माणूस आणि पैसा असतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या मंजूर पदांच्या यादीत या कामाचं पद नाही.